रिकाम्या टाकीचे पाच आठवडे

गेल्या श्रावणात माझ्या दवाखान्यातील प्रतीक्षाकक्षात मी दोन फूट लांबीची काचेची टाकी मांडली. तळाशी धुतलेली वाळू, एका कोपऱ्यात हायड्रिलाच्या चार काड्या, दुसऱ्या कोपऱ्यात हवेच्या पंपाला जोडलेला स्पंजाचा फिल्टर आणि पाणी. मासे मात्र पाच आठवडे नव्हते. येणारे प्रत्येक मूल काचेला नाक लावून विचारी, "डॉक्टरकाका, मासे कुठे आहेत?" त्याच्यामागून आईवडील तोच प्रश्न जरा संकोचाने विचारीत. एका आजोबांनी तर दुकानदाराने मला फसवले असावे, अशी सहानुभूतीही व्यक्त केली.

संपादकांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी छंदाविषयी लिहिण्याची आज्ञा केली, म्हणून त्या रिकाम्या टाकीची बाजू मांडण्याचे धाडस करीत आहे. माझे मत थोडक्यात असे : मासे पाळायचे असतील तर केवळ शोभेसाठी पाळू नयेत, त्यांची पैदास करण्याच्या हेतूने पाळावेत, आणि हा उद्योग आपल्या व्यवसायबंधूंनी व भगिनींनी अवश्य करून पाहावा. उपचार करण्याची घाई हा आपल्या व्यवसायाला जडलेला जुना विकार आहे. त्यावर या छंदाइतका कठोर शिक्षक मला अन्यत्र भेटलेला नाही.

टाकी रिकामी का ठेवायची, हे प्रथम सांगतो. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात. वाळूवर व स्पंजावर त्यांची वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकून, मासे नसतानाही, त्या अदृश्य वस्तीला पोसावे लागते. हा धीर न धरता पहिल्याच दिवशी डझनभर मासे आणणारा गृहस्थ आठवड्याभरात ते गमावतो आणि "आम्हाला मासे लाभत नाहीत" असा निष्कर्ष काढून टाकी माळ्यावर टाकतो.

नायट्राइटचा दोष आपल्याला परका नाही. त्याने माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. १९४५ साली अमेरिकेत डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून दिलेल्या तान्ह्या मुलांमधील निळेपणाचे जे वर्णन केले, ते याच प्रक्रियेचे होते. टाकीतील मासा आणि पाळण्यातील मूल यांचे रसायनशास्त्र इतके जवळचे आहे.

पैदाशीसाठी मी झेब्रा मासा निवडला. दीड इंचाचा, अंगावर निळे उभे-आडवे नव्हे तर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबट पट्टे असलेला हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम करणारे फ्रान्सिस हॅमिल्टन हेही कंपनी सरकारच्या नोकरीतले एक वैद्यच होते. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे भाईबंद त्याच्यात आढळले. आमच्या इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी त्याला मानवते. क्लोरिन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवले म्हणजे झाले. माळव्यातील थंडीत मात्र हीटर हवा. पाणी २६ ते २८ अंशांवर राहिले पाहिजे.

अंड्यांसाठी पंधरा-वीस लिटरची वेगळी छोटी टाकी लागते. तिच्या तळाशी मुलांच्या खेळातल्या गोट्यांचे दोन थर पसरावेत. झेब्रा मासे अंडी घालतात आणि मागे वळून तीच खातात. गोट्यांच्या फटींत पडलेली अंडी तेवढी वाचतात. पोट भरलेली मादी आणि सडपातळ, किंचित पिवळसर झाक असलेला नर संध्याकाळी त्या टाकीत सोडावेत. पहाटे उजेड पडताच तासाभरात काम आटोपते. मग जोडीला मूळ टाकीत परत न्यावे. एका वेळी शंभराहून अधिक अंडी मिळू शकतात. अंडे पारदर्शक असल्याने साध्या भिंगातून, सुमारे चोवीस तासांनी, त्यातील हृदयाचे स्पंदन दिसते. तीस वर्षे नवजात अर्भकांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते दृश्य प्रथम पाहिल्यावर काही क्षण बोलवले नाही.

दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि खरी परीक्षा सुरू होते. पिल्ले काचेला चिकटून निश्चल असतात. पाहणाऱ्याला वाटते, ती भुकेली आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या पोटाशी पीतकाची शिदोरी असते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागेपर्यंत त्यांना बाहेरच्या अन्नाची गरज नसते. त्याआधी घातलेले अन्न फक्त पाणी नासवते. प्रसूतिगृहात हेच रोज घडते. पहिल्या दोन दिवसांत आईचा चीक थोडाच येतो, बाळाला तेवढाच पुरतो. पण घरातील वडीलधाऱ्यांचा जीव राहत नाही आणि मध, घुटी किंवा वरचे दूध बाळाच्या तोंडी जाते. त्यामागे माया असते, हे मी कधीच नाकारले नाही. पण मायेने घातलेले अकाली अन्नही अकालीच असते.

आता माझा अपराध. सात-आठ वर्षांपूर्वी घरी माझी पहिली साठेक पिल्ले दहा दिवसांची झाली होती. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून मी त्यांना देत असे, आणि कौतुकाच्या भरात जरा सढळ हाताने देत असे. एका रात्री पिल्ले पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसली. पाणी तपासले नाही, काय व किती खाऊ घातले याचा विचार केला नाही. नमुन्याच्या औषधांच्या खोक्यातून एका प्रतिजैविकाची कॅप्सूल काढली, फोडली आणि टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले. अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळ्याची गर्द हिरवी झाली. कल्पनेतल्या रोगजंतूंचे काय झाले ते देव जाणे, पाणी राखणाऱ्या जिवाणूंची वस्ती मात्र मी उद्ध्वस्त केली होती. तिसऱ्या सकाळी चार पिल्ले उरली. रात्रीच एकतृतीयांश पाणी बदलून बलक थांबवला असता तर बहुतेक वाचली असती.

माझी कन्या तेव्हा सातवीत होती. जाळीने मेलेली पिल्ले काढताना तिने शांतपणे विचारले, "बाबा, सर्दी झालेल्या मुलांच्या आईंना तुम्ही रोज सांगता ना, की अँटिबायोटिक लागत नाही?" मजजवळ उत्तर नव्हते. मला औषधशास्त्र ठाऊक होते. नव्हता तो त्या रात्री काही न करता बसण्याचा धीर. रात्री अकरा वाजता फोन करणाऱ्या आईची तगमग मला त्या दिवशी अधिक समजली, आणि तिच्या समाधानासाठी चिठ्ठीवर एखादे औषध लिहून टाकण्याचा मोह किती बलवान असतो, हेही.

यावर कोणी म्हणेल, थांबण्याचे हे कौतुक बालरोगात धोक्याचे आहे. आक्षेप रास्त आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक होत असेल, बाळ अंगावर ओढत नसेल, तर क्षणही दवडू नये. परंतु थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. थांबणारा मनुष्य मोजत असतो : टाकीजवळ अमोनिया व तापमान, पाळण्याजवळ श्वास, लघवी आणि वजन. ज्याने मोजले आहे, त्यालाच थांबण्याचा अधिकार आहे आणि केव्हा थांबू नये हेही त्यालाच कळते. मी त्या रात्री मोजले नव्हते, म्हणून औषध ओतले.

वेळ नाही, ही सबब मात्र मला मान्य नाही. रोजची दहा मिनिटे आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे, एवढेच काम आहे. वाढलेली पिल्ले छंदिष्टांना वाटावीत; सिरपूरच्या किंवा कोणत्याही तळ्यात सोडू नयेत, कारण पेटीतील माशांबरोबर पेटीतील रोगही तेथे जातात.

असो. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि दवाखान्यातील टाकीत मी सहा झेब्रा मासे सोडले. त्या पाच आठवड्यांत मासे का नाहीत, हे मी कितीतरी आयांना समजावून सांगितले, आणि त्याच ओघात त्यांच्या मुलाच्या सर्दीला औषध का नको, हेही. नुसत्या उपदेशाने जे इतकी वर्षे पटत नव्हते, ते त्या रिकाम्या टाकीसमोर उभे राहून सांगितल्यावर काहींना तरी पटले. सध्या पिल्लांची दुसरी तुकडी माझ्या टेबलावरच्या छोट्या टाकीत आहे. आज तिसरा दिवस. काचेला चिकटून ती स्तब्ध बसली आहेत, आणि मी बलकाची वाटी अद्याप बाहेर काढलेली नाही.