नवस बापाचा, वनवास आईचा

नाशिक जिल्ह्यातल्या वणीचा बाप पोरावर जीव टाकतो, हे मी आधीच मान्य करतो. पोर तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही म्हटल्यावर तो सप्तशृंगीला नवस बोलतो, चैत्रात अनवाणी गड चढतो, अंगारा आणतो, उसनवारी करून नाशिकचे डॉक्टर गाठायला पैसे देतो. सगळे करतो. फक्त त्या पोरासमोर जमिनीवर मांडी घालून बसत नाही. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

या न बोलण्यामागे स्वमग्नता (ऑटिझम) असू शकते; ती शाप नव्हे, कुणाची करणी नव्हे, लाडाने बिघडणेही नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते. एरवी वर्षाचे मूल नावाने हाक मारली की वळून बघते, दीड वर्षाचे बोट करून कावळा दाखवते, एसटी दाखवते आणि आपणही ती पाहिली ना, याची खात्री करून घेते. स्वमग्न मुलात नेमके हेच उशिरा येते किंवा येत नाही. ते गाडीचे उलटे चाक तासभर फिरवत बसते, मिक्सर लावला की कान झाकून किंचाळते, नेहमीचा रस्ता बदलला तर आकांत करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने शंभर-सव्वाशे मुलांमागे असे एक असते. मग वणीत आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांवर अशी मुले बरीच असायला हवीत. रस्त्यावर, लग्नात, शाळेच्या मैदानात ती दिसत का नाहीत? कारण आपण ती घरात लपवली आहेत. लपवण्याचा निर्णय बहुतेक घरी पुरुषाचा असतो आणि लपवलेल्या मुलाला दिवसभर सांभाळण्याचे काम बाईचे.

दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे बागेत जातो, पान उलटे करून डाऊनी रोगाचा ठिपका शोधतो, एकेका घडाची विरळणी डोळ्यांत तेल घालून करून घेतो. एवढी बारीक नजर ज्याच्याकडे आहे, त्याला स्वतःचे पोर हाकेला वळत नाही हे दोन-दोन वर्षे दिसत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. दिसते. पण ते कबूल करायचे म्हणजे आपल्या नावाला उणेपणा येतो, असे त्याला वाटते. मग तो म्हणतो, ‘मीपण उशिराच बोललो होतो.’ म्हणतो, ‘तू मोबाईल दिलास म्हणून.’ सासू म्हणते, ‘तुमच्याकडे कुणी होतं का असं?’ दिव्यांगत्वाचा दाखला काढायची गोष्ट निघाली की ‘शिक्का बसेल, पोरीचं लग्न जमणार नाही,’ म्हणून तो अर्जावर सही करत नाही. त्या सहीवाचून मुलाची जी वर्षे वाया जातात, ती कोणता नवस परत देणार?

आईला दोष देण्याची ही खोड केवळ आपली नाही. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत ११ मुलांवर निबंध लिहिला आणि स्वमग्नतेला वैद्यकात जागा मिळाली. त्यातल्या पहिल्या मुलाची, डोनाल्डची, माहिती त्याच्या बापाने ३३ पानी टंकलिखित पत्रात कळवली होती. इतक्या निगुतीने एका बापाने पाहिले होते. पण पुढे ब्रुनो बेटेलहाइमसारख्या मंडळींनी थंड काळजाच्या आईमुळे मूल असे होते, हे मत जगभर पसरवले आणि अनेक आयांनी आयुष्यभर ते पाप उरावर वाहिले. १९६४ साली त्या मतावर पुराव्यांनिशी पहिला मोठा घाव घातला बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढच्या संशोधनात तर असेही दिसले की बापाचे वय जास्त असेल तर स्वमग्नतेची शक्यता काहीशी वाढते. म्हणून आता बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा असे मी म्हणत नाही. मात्र आईच्या माहेराची चौकशी करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

गडावरच्या गर्दीत तर मला फार संताप येतो. ढोल, कर्णे, रेटारेटी, नारळांचा खच; या मुलाला तो आवाज अक्षरशः दुखतो. ते जमिनीवर लोळण घेते. भोवती माणसे जमतात, आणि कोणीतरी म्हणतेच, ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल.’ बाप ठेवूनही देतो. त्या क्षणी तो मुलाकडे पाहत नसतो, बघ्यांकडे पाहत असतो. ती थप्पड जमलेल्या प्रत्येक माणसाने मारलेली असते. सप्तशृंगी ही आई आहे म्हणता, आणि तिच्या दारात दुखावलेल्या लेकराला मारता!

सरकारही याच मुशीतले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात स्वमग्नता आली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही ती आहे. पण केंद्र सरकारी नोकरीतली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा बाईला मिळते. पुरुषाला २०१८ पासून मिळू लागली ती तो एकटा पालक असेल तरच. बायको आहे ना, मग तुझे काय काम, हेच त्या नियमाचे म्हणणे. आपल्याकडे अंगणवाडीताईही निरोप देते तो ‘आईला पाठवा’ असाच.

आणि उपाय? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एकाच वेळी एक प्रयोग झाला. २०१६ च्या सुमारास तो ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. ६५ मुले होती. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रण करायचे आणि त्यांनाच दाखवायचे: इथे पोराने तुमच्याकडे पाहिले होते, तुमचे लक्ष नव्हते. पालक बदलले, आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. फ्लोरिडात संशोधक जेनिफर एल्डर यांनी तर खास बापांनाच घरी जाऊन शिकवले. काय शिकवले? पोर जे करते तेच त्याच्यासमोर करा. ते चाक फिरवते, तुम्हीही फिरवा. मग थांबा, आणि त्याची वाट पाहा. बोल म्हणून मागे लागू नका. याला पैसा लागत नाही. शिवाय खांद्यावर घेणे, गरगर फिरवणे, पाठीचा घोडा करणे हे आपल्या घरांत बापाचेच खेळ आहेत. अशा कितीतरी मुलांना तो जोर, तो झोका हवा असतो. खेळता खेळता नजर मिळते. पण बापाला भीती वाटते की ओसरीवरून कोणी पाहील.

याच नाशकात १९७७ साली रजनीताई लिमये यांनी मतिमंद मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ उभी केली, ती स्वतःच्या मुलापायी. डोंबिवलीजवळ खोणीला अशाच मुलांसाठी ‘घरकुल’ उभे राहिले, त्यात अविनाश बर्वे हे वडील पत्नी नंदिनीताईंच्या जोडीने उभे होते. म्हणजे बापाला हे जमत नाही असे नाही. त्याला कोणी विचारलेच नाही, आणि त्याची त्याला सोय झाली.

आता विचारू या. अंगणवाडीताईंनो, निरोप बापाच्या नावाने पाठवा. गावकऱ्यांनो, गडावर लोळणाऱ्या पोराभोवती कडे करू नका. वाट मोकळी करा, कर्ण्याचा आवाज कमी करायला सांगा. डॉक्टरांनो, चाळीस-एक किलोमीटरवरून एकटीच पोर घेऊन आलेल्या आईला मुलाचा बाप कुठे आहे हे विचारा. तो हयात असेल, घरात असेल, तर पुढच्या खेपेला त्याला आत बोलवा, आणि घरी मुलाशी कसे खेळायचे ते आधी त्याला शिकवा.