फुकटचं सॉफ्टवेअर!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, माझं मराठी जरा अडखळतं, सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण लायब्ररीतले काका ही पानं वाचतात.

सबमिशनच्या आठवड्यात काय झालं, आठवतंय? नवीन पुस्तकं रॅकवर दिसत होती आणि कॉम्प्युटरवर शोधलं तर 'नाही'. लगेच सगळे सुरू, "फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय होणार!" बोलणी खाल्ली काकांनी.

कारण साधं होतं. कोहामध्ये पुस्तकाची नोंद एकीकडे राहते आणि शोधायची सूची दुसरीकडे, झेब्रा नावाची. लाइट गेल्यावर सर्व्हर परत चालू केला, पण सूची ताजी करणारा प्रोग्राम बंदच राहिला. तो चालू करून सूची नव्याने बांधली, पुस्तकं हजर! नोंदी सगळ्या शाबूत होत्या.

न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या सार्वजनिक लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल ओलांडणार नव्हतं, म्हणून त्यांनी कोहा बनवून घेतलं आणि सगळ्यांना खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण भेट मिळालेल्या गाईलाही चारा लागतोच ना? लायसन्सचे पैसे वाचले, मग त्यातून काकांना लिनक्सचं ट्रेनिंग का नाही?

आणि आपण कॉम्प्युटरवाले! फायनल इयरला दरवर्षी कोणीतरी 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' नव्याने बनवतं, व्हायवा झाला की विसरतं. खरीखुरी चालू सिस्टिम मात्र कोणी उघडून बघत नाही. निदान रोजचा बॅकअप होतोय का, एवढं बघायला कोणी येतंय? मी शनिवारी चारनंतर लायब्ररीतच असते.