मृत्यूच्या आकड्यांची पाठचिकित्सा

एखाद्या जुन्या ग्रंथाच्या पाच हस्तलिखित प्रतींत पाच पाठ आढळले, तर त्यांची सरासरी काढून मूळ पाठ मिळतो असे कोणीही अभ्यासक मानणार नाही. प्रत कोणी लिहिली, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिली, पाने कोठे गळाली आणि न समजलेल्या शब्दाच्या जागी लेखनिकाने कोठे ओळखीचा शब्द घातला, हे पाहिल्यावाचून तो निर्णय देत नाही. साथीच्या रोगांनी मेलेल्या माणसांचे आकडे मात्र ही दक्षता न घेताच वाचले जातात. एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी, एका राज्याचे दुसऱ्या राज्याशी ते ताडले जातात आणि त्यावरून कोणाचा कारभार बरा हेही ठरविले जाते. वस्तुतः मृत्यूचा आकडा हाही एक पाठच होय, आणि त्याची चिकित्सा केल्याखेरीज त्याची तुलना करणे अशास्त्रीय आहे. रायपूर व त्याच्या भोवतालच्या मुलखाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

१८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतिक कारभाराखाली होते. जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याची पद्धतीही दोन्हीकडे एकच होती. गावचा कोटवार, म्हणजे मराठी मुलखातला कोतवाल, ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन गावात कोण जन्मले व कोण मेले ते सांगे. तेथून ती नोंद वर सरकत नागपूरच्या प्रांतिक अहवालापर्यंत पोहोचे. हा कोटवार बहुधा निरक्षर असे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून दिसते की छत्तीसगढात हे काम गांडा, पनका अशा जातींकडे आणि मराठी जिल्ह्यांत महारांकडे असे. ज्याला पुष्कळ घरांचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्यानेच त्या घरातील मृत्यूचे कारण सांगावयाचे होते. पटकी, देवी आणि प्लेग ही कारणे त्याला ओळखता येत, कारण त्यांची लक्षणे उघड होती. उरलेले बहुतेक मृत्यू एका शब्दात सामावले जात, तो शब्द ‘ताप’. प्रांताच्या मृत्युपत्रकातला सर्वांत भरलेला रकाना वर्षानुवर्षे हाच राहिला.

१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ आली. महाराष्ट्रात लोकांनी तिला ‘मानमोडी’ हे नाव दिले. लोकांच्या भाषेने रोग वेगळा ओळखला होता, परंतु सरकारी पत्रकात त्याला रकाना नव्हता, म्हणून असंख्य मृत्यू ‘ताप’ म्हणूनच नोंदले गेले. मध्यप्रांत व वऱ्हाड हा या साथीची सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. नोंद करणारे स्वतःच आजारी पडले वा मेले, त्यामुळे ज्या आठवड्यांत माणसे सर्वाधिक मेली त्याच आठवड्यांत नोंद सर्वाधिक खिळखिळी झाली. पोथीची नेमकी महत्त्वाची पाने गळावीत, तसाच हा प्रकार होता.

साऱ्या हिंदुस्थानातील या साथीच्या मृतांची संख्या आज किमान पाच पाठांत उपलब्ध आहे. आरोग्य खात्याचा प्रारंभिक अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालाने तो सव्वा कोटीवर नेला. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये दोन जनगणनांमधील लोकसंख्येच्या तुटीवरून जवळजवळ दोन कोटींचा आकडा मांडला. मिल्स यांनी १९८६ मध्ये तो १ कोटी ७० ते ८० लाख धरला, तर चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ३९ लाख. यांपैकी कोणालाही असत्य म्हणता येत नाही. एकाने नोंदलेले मृत्यू मोजले, दुसऱ्याने न सापडलेली माणसे. शिवाय १९१८ मध्ये पाऊसही फसला होता. उपासाने खंगलेला मनुष्य तापाने गेला, तर त्याला कोणत्या रकान्यात घालावे, या प्रश्नाचे उत्तर गणिताजवळ नाही.

हा सारा जुना इतिहास झाला, असे म्हणून सुटका होत नाही. २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंची कारणे देशभर घरोघरी विचारून ठरविणाऱ्या पाहणीचे मलेरियाविषयीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात सत्तरीच्या आत मलेरियाने मरणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार असावी, असे तीत म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजारांचा होता आणि सरकारी नोंद हजाराच्या आसपास होती. ओडिशा व झारखंड यांच्याबरोबर छत्तीसगढ हे या मृत्यूंचे प्रमुख क्षेत्र होते, आणि बहुतेक माणसे कोणत्याही दवाखान्याबाहेर मेली होती. कुटुंबाच्या वर्णनावरून मलेरियाचा ताप इतर तापांपासून वेगळा काढता येत नाही, असा आक्षेप संघटनेने घेतला. शंभर वर्षांनंतरही वाद ‘ताप’ याच शब्दापाशी येऊन थांबला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

भाषेच्या अभ्यासकांचा संबंध येथेच येतो. अशा पाहणीत आप्त आपल्या बोलीत सांगतात, पाहणी करणारा ते प्रादेशिक भाषेत लिहून घेतो, आणि दोन डॉक्टर स्वतंत्रपणे ते वाचून आंतरराष्ट्रीय यादीतील संकेतांक देतात. छत्तीसगढी, गोंडी किंवा मराठीशी आप्तसंबंध असलेली हलबी यांतून सुरू झालेले कथन संकेतांकापर्यंत पोहोचते, तेव्हा एका मृत्यूचे दोनदा भाषांतर झालेले असते. अंगात ‘माता’ आली असे सांगणारी बाई देवी म्हणते, गोवर म्हणते की कांजिण्या, हे बोलीच्या जाणकाराला विचारल्यावाचून कळणार नाही.

कोविडच्या काळात तुलनेचा मोह अनावर झाला. एप्रिल २०२१ मध्ये रायपूर अत्यंत होरपळले, आणि छत्तीसगढची एकूण अधिकृत मृत्युसंख्या पुढे सुमारे १४ हजारांवर स्थिरावली. ही संख्या इतर राज्यांशेजारी ठेवण्यापूर्वी काही गोष्टी पाहावयास हव्यात. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. तेवढ्यातच कोविडचे मृत्यू १ लाख ६० हजारांवर भरले, म्हणजे त्या वर्षाच्या दैनंदिन अधिकृत बेरजेहून अधिक. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राने जुन्या नोंदी ताडून हजारो मृत्यू मागाहून मिळविले, तेव्हा त्याचा आकडा फुगलेला दिसला. जो प्रामाणिकपणे मोजतो तो तुलनेत हरतो, आणि जो मोजतच नाही तो निर्दोष ठरतो. अपुऱ्या मोजणीला बक्षीस देणारी तुलना केवळ चुकीची नव्हे, तर अन्यायाची आहे.

यावर प्रतिवाद असा, की अंदाज ही कल्पना होय, नोंद हेच प्रमाण. २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये म्हटले, तेव्हा भारत सरकारने याच स्वरूपाचा आक्षेप घेतला. त्यात तथ्य आहे. कल्पित पाठ मूळ संहितेत घुसडू नये, हे पाठचिकित्सेलाही मान्य आहे. परंतु गळालेल्या जागेवर खूण न करता ओळ सलग छापणे हाही पाठभ्रंशच. सरकारनेच २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार २०२० मधील सुमारे ८१ लाख मृत्यूंच्या जागी २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. या वाढीचा काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल. सगळा तसा आहे असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

तात्पर्य, हस्तलिखिताला पुष्पिका असते तशी मृत्यूच्या प्रत्येक आकड्याला असावी. कोणी मोजले, कोणत्या व्याख्येने मोजले, किती मृत्यू मोजणीबाहेर राहिले आणि आकडा केव्हा दुरुस्त झाला, हे तीत सांगितलेले असावे. वैद्यकाने रोग ओळखावा, संख्याशास्त्राने तूट दाखवावी, आणि रोगांच्या लोकनावांचे बोलीवार कोश सिद्ध करण्याचे काम भाषाभ्यासकांनी अंगावर घ्यावे. हे होईपर्यंत ‘ताप’ या रकान्याखाली गेलेल्या माणसांविषयी एवढेच खात्रीने म्हणता येते की ती मेली. ती कशाने मेली हे ठाऊक असल्याचा आव आणून त्यांची तुलना करण्याचा अधिकार कोणालाही नाही.