बिनपंखी नाकतोडा व शेजारधर्म

खरीप ज्वारीचा पाला खाणाऱ्या दख्खनी नाकतोड्यास सन १९१० मध्ये म्हैसूरचे कीटकशास्त्रज्ञ कोलमन यांच्यावरून ‘कोलेमानिया’ हे शास्त्रीय नाव मिळाले. त्यास पंख नसतात. टोळासारखा तो परमुलखातून उडून येत नाही. पावसाळा सरता मादी जमिनीत अंडी घालते, ती पुढील मृगापर्यंत तेथेच राहतात. अर्थात हा शत्रू आपणच आपल्या रानात पोसतो.

काढणीनंतर खोल नांगरट केल्यास अंडी उघडी पडून उन्हाने व पाखरांनी नष्ट होतात. परंतु शेजाऱ्याचे रान तसेच राहिले तर पिले उड्या मारीत बांध ओलांडतात. महसुली कामात हयात घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, बुडालेले पीक पैसेवारीने परत येत नाही. तस्मात् साऱ्या शिवाराने एकदम नांगर धरावा.