एका रंगाखालच्या मातीच्या अनेक जाती

मृदा नकाशावर एका रंगात दिसणारा पट्टा प्रत्यक्षात एकाच मातीचा नसतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने महाराष्ट्राचा नकाशा १:२,५०,००० प्रमाणावर तयार केला. त्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२५ हेक्टर. एवढ्यात माळ, उतार आणि ओढाकाठ सगळेच आले.

दख्खनच्या पठारावर खडक एकच, काळा बेसॉल्ट. तरी माथ्यावर वीतभर मुरमाड, मधल्या उतारावर मध्यम काळी आणि तळाला मीटरभराहून खोल भारी जमीन आढळते. पाऊस माथ्यावरची बारीक माती आणि विरघळलेले चुना-मॅग्नेशियम खाली नेतो. तळाशी ते साचून फुगणारी, भेगाळणारी चिकणमाती घडते. हा सारा बदल कधी काहीशे मीटरांतच होतो. गावकऱ्यांच्या बरड, हलकी, भारी, चोपण या नावांत तो नकाशापेक्षा बारकाईने टिपलेला आहे.

सगळे गुणधर्म सारखेच बदलत नाहीत. सामू तुलनेने स्थिर राहतो; उपलब्ध स्फुरद आणि पालाश खूप बदलतात. सर्वांत लहरी म्हणजे पाणी मुरण्याचा वेग, कारण तो भेगा, मुळांच्या वाटा आणि गांडुळांच्या बिळांवर ठरतो. मृदाशास्त्रज्ञ बेकेट आणि वेबस्टर यांनी १९७१ साली घेतलेल्या आढाव्यानुसार शेतातल्या एकूण फरकापैकी निम्म्यापर्यंतचा फरक एका चौरस मीटरच्या आतच असू शकतो.

म्हणून काही नकाशा निरुपयोगी ठरत नाही. धरणाचे लाभक्षेत्र किंवा जिल्ह्याचे पीक नियोजन ठरवायला तो हवाच. खताची मात्रा मात्र त्यावरून ठरवू नये. त्यासाठी २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत अडीच आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे मातीचा एक नमुना ठरला. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरांहूनही कमी आहे; म्हणजे एकाच नमुन्याचे आकडे अनेक खातेदारांच्या वाट्याला येतात. अल्पभूधारकासाठी हे पुरेसे नाही.

शेतकऱ्याने स्वतःचा नमुना स्वतः घ्यावा. रंग, उतार किंवा खोली बदलली की नमुना वेगळा करावा. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचे ढीग टाळून, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करावी. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी हे काम उरकावे.