मोकळी जागा आणि तिघांच्या सबबी

कोणत्याही पेठेंत जा, दोन इमारतींच्या मध्यें पडीक जागा आणि तींत कचऱ्याचा ढीग हा देखावा ठरलेला! मालक म्हणतो, कचरा शेजाऱ्यांचा; शेजारी म्हणतात, जागा मालकाची; नगरपालिका म्हणते, जागा खाजगी. सबबी तिघांच्याही तयार; ढीग मात्र जागच्याजागीं.

कायद्यानें या तिघांपैकीं कोणासही मोकळें सोडलेलें नाहीं. भारतीय न्याय संहिता, २०२३, हिचें कलम २७० सार्वजनिक उपद्रवांत केवळ कृतीच नव्हे, तर कर्तव्याची बेकायदेशीर हयगयही धरतें. तेव्हां 'मीं कांहींच केलें नाहीं' एवढ्यावर मालकाची सुटका नाहीं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं प्रत्येक घरादुकानास कचरा निवडून तो उचलणाराच्या हवालीं करण्याचें बंधन घातलें. शेजारची जागा ही कचराकुंडी ठरविली नाहीं. आणि रतलाम नगरपालिकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं बजाविलें कीं, पैशाच्या टंचाईची सबब सांगून नगरपालिकेस आरोग्यरक्षणाचें कर्तव्य टाळतां येणार नाहीं.

फुटक्या डब्यांत सांचलेल्या पावसाच्या पाण्यावर डेंग्यूचा डास वाढतो. त्यास हद्दीचा दगड दिसत नाहीं. म्हणून मालकानें पावसाळ्यापूर्वीं जागा साफ करून कुंपण घालावें, शेजाऱ्यांनीं हात आवरावा आणि नगरपालिकेनें मुदतीची नोटीस द्यावी. मालकानें न ऐकल्यास स्वतः ढीग उचलून खर्च त्याजकडून वसूल करावा. मालकी हा हक्क खरा. पण शेजाऱ्याचें आरोग्य बिघडविण्याचा परवाना तो खास नव्हे.