एसीवाला की प्लँटवाला?

'शेवटी एसी मेकॅनिकच ना रे?' या लाइनमध्ये शिरणाऱ्या बहुतेकांना घरातून हा टोमणा ऐकावा लागतो. तो मनावर घेऊ नका. विचार करायचाय तो वेगळाच. मेकॅनिकलचा डिप्लोमा असो, नाहीतर आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड, पुढे फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावरचं आयुष्य निराळं असतं.

पहिला फाटा घरगुती एसीचा. बाइक, गेज, व्हॅक्युम पंप, ब्रेझिंगचा सेट एवढ्यावर दुकान सुरू! बॉस कुणी नाही. मार्च ते मे कोथरूड-खराडी चकरा मारताना जेवायला सवड नसते आणि पाऊस सुरू झाला की मोबाइल गप्प. तीन महिन्यांची कमाई वर्षभर पुरवायची, तर हिशेब पक्का हवा. शिवाय आउटडोअर युनिट सातव्या मजल्याच्या छज्जावर असतं. तिथे सेफ्टी बेल्ट न देणाऱ्या मालकाकडे एक दिवसही काम करू नका. पगार कितीही देवो!

दुसरा फाटा कोल्ड स्टोरेज आणि प्लँटचा. दूध, आइस्क्रीम, बटाटा, लस यांना ऋतू नसतो. बहुतेक लसी २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात. हडपसरला सीरमसारखी कंपनी आहे म्हटल्यावर त्याचं महत्त्व पुणेकरांना सांगायला नको. मोठ्या प्लँटमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो. त्याचे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिकही हडपसरचीच. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, स्वस्त पडतो, ओझोनला धक्का लावत नाही. पण विषारी आहे. गळती झाली की वास लगेच कळतो, मात्र मास्क कुठे टांगलाय हे आधी ठाऊक हवं. नाइट शिफ्ट आली, दिवाळीतली ड्युटीही आली. बदल्यात दर महिन्याला पगार.

तिसरा फाटा डिझाइनचा. हीट लोड काढा, डक्टचं ड्रॉइंग करा, एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट हे झोपेतही सांगा. इथे डिग्रीवाल्यांची गर्दी आहे. साइट न बघता ड्रॉइंग काढणारेही कमी नाहीत, असो.

आमचं मत विचाराल, तर पहिली दोन-तीन वर्षं प्लँटमध्ये काढा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ऑइल, प्रेशर, सगळं उघड्यावर दिसतं, लॉगबुक लिहून हात बसतो. तिथून एसीकडे वळणं सोपं. फक्त गॅस भरायला शिकलेल्याला उलटा प्रवास जड जातो.

आणि हो, गॅसही बदलतायत. जुना आर-२२ भारतात २०३० पर्यंत जवळजवळ बाद व्हायचाय. किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे नंतर आलेल्या काही गॅसवरही हळूहळू कात्री येणार. आता बाजारात असलेला आर-३२ थोडासा पेट घेणारा, तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. आर-२२ च्या जुन्या एसीत तो भरून देणारा 'जुगाडू' उस्ताद भेटला, तर तिथून काढता पाय घ्या.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचारा: नव्या गॅसचं ट्रेनिंग कंपनी देते का, आणि पहिले सहा महिने मी कुणाच्या हाताखाली असेन?